दामोदरपंतांची चिमूट

आमच्या ठाण्याच्या शाळेत बाकीचे मास्तर वर्गात येताना छडी आणायचे, दामोदरपंत केळशीकर वास आणायचे. कढवलेल्या जवसाच्या तेलाचा वास. तो त्यांच्या पागोट्यात, उपरण्यात, नखांत आणि बहुधा विचारांतही मुरलेला होता. ते जिना चढू लागले की वरच्या वर्गातली पोरं न सांगता सृष्टिशास्त्राची पुस्तकं बाहेर काढायची. मी शेजारच्या वर्गात संस्कृत शिकवायचो. वारा त्यांच्याकडून असला की माझ्या धातुरूपांनाही जवसाचा वास यायचा.

मुंबईच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकून, तिथल्या गोऱ्या प्रोफेसरच्या हाताखाली काही वर्षं काढून हे गृहस्थ ठाण्याला मास्तर म्हणून आले होते. आले कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "तिथे बाटल्या त्यांच्या आणि प्रश्नही त्यांचेच. इथे बाटल्या कमी आहेत, पण प्रश्न माझा आहे." त्यांचा प्रश्न एकच होता. वस्तूंचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो तो कसा, आणि त्याला घाई कशी करायला लावायची? लोखंड गंजतं, लोणी खवट होतं, तेल सुकतं, लाकूड जळतं, ही सगळी त्यांच्या मते एकाच घराण्यातली मंडळी. फरक फक्त वेगाचा.

"तुम्ही, मी, ही शाळा, आपण सगळे हळूहळू जळतोच आहोत, जोगळेकर," ते मला मधल्या सुट्टीत सांगायचे. "फक्त धूर दिसत नाही, इतकंच."

हे ऐकून माणसाला बरं वाटावं, अशी त्यांची अपेक्षा असायची.

दुसऱ्याची चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नसे. एका रामनवमीला कीर्तनकारबुवा ऐन रंगात आले होते. "जसा दिवा स्वतःचं तेल जाळून जगाला उजेड देतो..." असं बुवांनी म्हणायला आणि श्रोत्यांतून दामोदरपंतांनी उठायला एकच गाठ पडली.

"बुवा, क्षमा असावी. तेल एकटं जळत नाही. त्यात हवाही बरोबरीनं लागते. दिव्यावर घागर पालथी घालून बघा, आणि मग काय तो त्याग त्याला करायला सांगा."

बुवा मुरलेले होते. त्यांनी चिपळ्या कपाळाला लावल्या आणि म्हणाले, "मास्तर म्हणतात तर हवेलाही आमचा दंडवत." लोक हसले, कीर्तन पुढे गेलं. दामोदरपंत मात्र मोठ्या समाधानानं खाली बसले. बुवांना पटलं, असा त्यांचा शेवटपर्यंत समज होता.

स्मशानात मात्र त्यांचं ज्ञान लोक मानायचे. ओलसर लाकडंसुद्धा कशी मोकळी रचायची, वारा कुठून घ्यायचा, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नसे. गावात मयत झालं की ब्राह्मणाच्या पाठोपाठ दामोदरपंतांना बोलावणं जायचं. त्यांच्या संशोधनाचा ठाण्याला झालेला पहिला उपयोग तो.

तेल सुकलं की नाही हे पाहायची त्यांची एकच कसोटी होती, बोटाचं टोक लावून बघणं. घराच्या मागच्या पडवीत तेल फासलेल्या फळ्या आणि कापडाच्या पट्ट्या टांगलेल्या असायच्या, आणि हे दिवसभर येता-जाता त्यांना बोट लावत हिंडायचे. सवय इतकी भिनली की जगात जे काही वाळत घातलेलं दिसेल त्याला बोट लावल्यावाचून त्यांना पुढे जाववत नसे. भिंतीचा ओला चुना, अंगणातलं सारवण, शेजारच्यांच्या कुरडया. कुरडयांपर्यंत ठीक होतं. बायका कौतुकानं विचारायच्याही, "मास्तर, काढू का आता?"

पण श्रावणातल्या एका सोमवारी त्यांनी गोदाकाकूंच्या सोवळ्याला बोट लावलं. काकूंनी भल्या सकाळी धुऊन, कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून काठीनं उंच दांडीवर घातलेलं लुगडं, आणि हे पारोशा अंगानं टाचा उंचावून बोट लावून म्हणतात, "अजून दोन घटका लागतील." काकूंनी पुन्हा आंघोळ केली, लुगडं पुन्हा धुतलं, पुन्हा वाळत घातलं. दोन घटकांनी दामोदरपंत परतताना पुन्हा थांबले. आपला अंदाज बरोबर ठरला का हे पाहायला नको? काकूंकडचा नैवेद्य त्या दिवशी दिवेलागणीला झाला, आणि काकूंनी देवाबरोबर दामोदरपंतांचंही नाव घेतलं, निराळ्या सुरात. तेव्हापासून त्यांच्या पत्नी, सरस्वतीवहिनी, त्यांना बाहेर पडताना बजावायच्या, "रस्त्याच्या मधून चालायचं. दोन्ही हात उपरण्यात."

आता त्या चिमटीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिनंच घडवलं.

जवसाचं तेल हवेत सुकतं, पण आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत त्याला सुकायचा कंटाळा. दिवाळीला रंगवलेलं दार शिमग्याला हाताला चिकटायचं. मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं भस्म, घालून तेल कढवायची रीत जुनीच होती, पण तिनंही फारसं भागत नसे. दामोदरपंतांनी कुठून तरी एक काळा खनिज दगड पैदा केला. तो कुटला, भाजला, आम्लात विरघळवला, पुन्हा घट्ट केला. त्यांच्या डोक्यावरचे केस गेले, पडवीचं छप्पर दोनदा काळं झालं, आणि अखेर एक भुकटी साधली. कढईभर तेलाला तिची एक चिमूट. आज फासलेलं तेल उद्या खडखडीत वाळलेलं!

"आणि गंमत अशी," ते मला म्हणाले, "की ही चिमूट खर्ची पडत नाही. काम झाल्यावरही ती तिथेच असते, जेवढीच्या तेवढी. ती नुसती हजर असते, आणि ती हजर असते म्हणून तेल आणि प्राणवायू लगबगीनं एकत्र येतात."

"म्हणजे आपल्या हेडमास्तरांसारखी," मी म्हणालो.

विनोद हा विनोद म्हणून दामोदरपंतांनी कधी घेतला नाही. त्यांनी थोडा विचार केला. "नाही. हेडमास्तर रजेवर असले की शाळेत काम जास्त होतं. तशाही भुकट्या असतात. त्या घातल्या की चालू असलेलं कामही थंडावतं. त्यांची मी वेगळी बाटली केली आहे."

या चिमटीची कीर्ती कल्याणच्या नारायणशेटच्या कानावर गेली. कल्याणच्या बंदरातून भात आणि मीठ भरून पडाव निघायचे, आणि गोण्या भिजू नयेत म्हणून त्यांच्यावर तेल पाजलेलं जाड मेणकापड घालायचे. ते कापड तयार करायची वखार नारायणशेटची होती. वाळायला आठवडे घेणारं कापड चिमटीमुळे दुसऱ्या दिवशी घडी घालण्याजोगं होऊ लागल्यावर शेटना आकाश ठेंगणं झालं. ते मोठा कारखाना काढायचं बोलू लागले. दारावर 'केळशीकर कापड' अशी पाटी लावायचं ठरलं. दामोदरपंतांनी कल्याणला बिऱ्हाड केलं आणि शाळेला ते आगगाडीनं ठाण्याला येऊ लागले. कोणालाही ज्याचं सोयरसुतक नव्हतं अशा एका प्रश्नावर माणसानं उमेदीची वर्षं घालवावीत आणि एक दिवस त्याचं उत्तर बंदरावरच्या प्रत्येक पडावावर दिसावं, याचा आनंद काय असतो ते मी त्या दिवसांत त्यांच्या तोंडावर पाहिलं. एरवी अंगरख्याचा एक बंद नेहमी सुटलेला असायचा. त्या दिवसांत दोन्ही बांधलेले असायचे.

वखारीत कापडाला तेल फासायला आगरी बायका होत्या. त्यांतली पोसाबाय म्हणजे तोंडानं तिखट आणि कामाला वाघ. आधी मिठागरावर होती. नवरा गेलेला. एकुलती एक मुलगी, जनी, तिचं लग्न डोंबिवली गावातल्या चांगल्या घरात ठरलेलं. त्या लग्नापलीकडे पोसाबायला दुसरं जग नव्हतं.

तेल फासून झालं की बायका चिकट चिंध्या खिडकीतून मागच्या आवारात भिरकावायच्या. शेटच्या दिवाणजींना ही अव्यवस्था खपेना. कारखाना व्हायचा तर शिस्त नको? त्यांनी फर्मान काढलं, चिंध्या बाहेर फेकायच्या नाहीत, कोपऱ्यात एकत्र ढीग करायचा.

"भायेर फेकल्या त कय बिगरता?" पोसाबाय म्हणाली.

दिवाणजी तिच्यावर चारचौघींत ओरडले. तीही ऐकून घेणारी नव्हती. "जलो तुजी वखार!" असं म्हणून तिनं चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात लोटला. आता आपल्याकडे बायका दिवसातून किती गोष्टी जाळतात याला सुमार आहे का? चूल जळो, जीभ जळो, मेल्याचं तोंड जळो. कशाचंही काही होत नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, माणसं जेवायला गेलेली, कढईखालचा जाळ विझवलेला, दाराला कुलूप, आणि वखारीच्या कोपऱ्यातून धूर निघाला. ढीग आपोआप पेटला होता.

विझवला. चार दिवसांनी पुन्हा पेटला. तिसऱ्या खेपेला शेजारची दिवाणजींची गादी पेटली, तेव्हा मात्र कोणाला शंका उरली नाही. करणी! दिवाणजींनी भगत आणला. भगतानं सुपात तांदूळ घोळवले, डोळे फिरवले आणि सांगितलं, "बाई आहे. मिठाच्या वाटेनं आलेली आहे." दिवाणजींनी त्याला बंदरावरून येताना सगळी हकिकत सांगितली होती, त्यामुळे त्याला अचूक दिसलं. शनिवारी गावासमोर उभं करून पोसाबाय भुताळी आहे की नाही याचा निकाल करायचा, असं ठरलं. भुताळी ठरली की वखारीतूनच नव्हे, गावातून जायचं, आणि भुताळीच्या पोरीला कोणी सून करून घेत नाही.

हे सगळं चाललं तेव्हा दामोदरपंत शाळेच्या परीक्षांत अडकून ठाण्यालाच मुक्कामाला होते. शेटनी निरोप पाठवला, 'शांत होईपर्यंत वखारीत येऊ नये.' अर्थात दामोदरपंत पहिल्या गाडीनं निघाले आणि मलाही ओढून घेऊन गेले.

"मी कशाला?" मी विचारलं.

"तिथे मंत्र वगैरे म्हणतील. त्यांचा अर्थ सांगायला कोणी तरी हवं."

वखारीत शेट पिंपावर बसले होते, दिवाणजी जळक्या गादीशेजारी उभे होते आणि पोसाबाय दाराबाहेर उंबऱ्याशी. दामोदरपंत थेट कोपऱ्यात गेले. राखेला बोट लावलं, वास घेतला. मग एकामागून एक प्रश्न. ढीग सैल होता का घट्ट? दार बंद होतं का? छपरावर ऊन होतं का? दिवाणजी उत्तरं देत गेले, आणि दामोदरपंतांचा चेहरा असा उजळत गेला की मला भीती वाटली.

"कोणी पेटवलेलं नाही!" ते ओरडले. "आपोआप पेटलं! जोगळेकर, तेल सुकताना ऊब सोडतं. मोकळ्यावर ती वाऱ्यानं निघून जाते, कळतही नाही. पण माझ्या चिमटीनं तेल इतक्या भराभर प्राणवायू ओढतं, आणि ढिगात ती ऊब इतकी कोंडते, की चिंधी स्वतःहून पेट घेते! आयुष्यभर मी हा वेग शोधत होतो हो!"

मी त्यांचं उपरणं मागून ओढलं. त्यांच्या लक्षात आलं नाही.

"म्हणजे मास्तर," नारायणशेट सावकाश म्हणाले, "आग तुमच्या औषधानं लागली?"

"नाहीतर कशानं!" दामोदरपंत आनंदानं म्हणाले.

कारखाना, पाटी, सगळं त्या दोन शब्दांत बुडालं होतं, आणि हे गृहस्थ मुलगा झाल्याचे पेढे वाटावेत तसे हसत होते. आपलं काय गेलं हे त्यांना कळलं नव्हतं असं नाही. ते त्यांना त्या घटकेला दुय्यम वाटत होतं. मला त्यांचा राग आला आणि तितकंच प्रेमही वाटलं.

पोसाबाय उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "मास्तर, तुमीच सांगा यांना. मना करणी येत असती त मी मीठ कनाला उपसला असता?"

दामोदरपंत वळले. "तर्क अगदी शुद्ध आहे," ते म्हणाले. "पण तर्कानं भागणार नाही. शनिवारी मी सगळ्यांसमोर चिंध्या पेटवून दाखवतो. म्हणजे पेटवत नाही. पेटू देतो."

शनिवारी वखारीच्या आवारात निम्मं कल्याण लोटलं. उन्हानं तापलेल्या पत्र्याच्या वळचणीखाली तेलाच्या चिंध्या भरलेली टोपली ठेवली होती. भगतानं तिच्याभोवती राखेचं रिंगण काढलं, लिंबू ठेवलं आणि जाहीर केलं की मी आग बांधली आहे, आता काही पेटत नाही. पोसाबाय एका बाजूला जनीचा हात धरून बसली होती. तिच्या तोंडाचा पट्टा त्या दिवशी बंद होता.

उन्हं चढली. टोपली आपली टोपलीच राहिली. दर थोड्या वेळानं दिवाणजी चिंध्या उचलून आत बघायचे. शेट बघायचे. आणि सगळ्यांत जास्त वेळा खुद्द दामोदरपंत बोट घालायचे. "ऊबदार आहे!" असं म्हणून ते आनंदानं चिंध्या उलथ्यापालथ्या करायचे, आणि जमलेली ऊब वाऱ्यावर जायची. लोक कुजबुजू लागले. भगत मांडी घालून हसत बसला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सरस्वतीवहिनींचा निरोप आला. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती, म्हणून एका म्हातारीच्या तोंडून मला सांगणं आलं, "भावोजींना म्हणावं, यांचे हात धरून ठेवा. बोट थांबल्याशिवाय काही व्हायचं नाही."

मी जाऊन दामोदरपंतांचे दोन्ही हात धरले आणि त्यांना ओट्यावर बसवलं. दोन पागोटेवाले मास्तर भर दुपारी एकमेकांचे हात घट्ट धरून, आता फुगडी घालणार अशा बेतानं बसलेले कल्याणकरांनी पाहिले. टोपलीजवळ कोणी जायचं नाही असं मी सगळ्यांना दरडावलं. माझ्या मुठीत त्यांचं बोट सारखं वळवळत होतं.

भगताच्या हे पथ्यावरच पडलं. तो उठला, टोपलीवर हात पसरून गरजला, "बांधली! आग बांधली! बाई, आता कबूल कर!" आणि त्याच्या पसरलेल्या हाताखालून धुराची बारीक रेघ वर आली. भगतानं खाली पाहिलं. धूर दाट झाला. मग एकदम भडका! भगताचं लिंबू फुटलं आणि भगत आपली झोळी तिथेच टाकून बंदराच्या दिशेनं जो सुटला तो पुन्हा त्या पेठेत दिसला नाही.

"प्राणवायू!" दामोदरपंत माझे हात झिडकारून ओरडले. "बघा! हा प्राणवायू!"

मग पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले. पाठोपाठ सगळ्यांनी. पोसाबायनं जनीला कुशीत घेतलं आणि ती हुंदके देऊन रडू लागली. दामोदरपंतांना वाटलं, लोकांना पटलं. मलाही घटकाभर तसंच वाटलं.

खरी गोष्ट आठवड्याभरात उघडी झाली. नारायणशेटनी मास्तरांच्या बाटल्या अतिशय नम्रपणे, दोन हात लांबून परत केल्या. दामोदरपंतांनी परोपरीनं सांगितलं की उपाय साधा आहे, चिंध्या पाण्याच्या पिंपात टाका, काही होत नाही. शेट म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, मास्तर. फक्त आमच्यावर रागावू नका." वखारीत पुन्हा साधं तेल आलं आणि कापड पुन्हा आठवडेच्या आठवडे वाळू लागलं. शाळेत दामोदरपंतांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. हेडमास्तरांनी त्यांची शिस्तीबद्दल पाठ थोपटली. एक दिवस भिवंडीकडचा एक गृहस्थ त्यांच्याकडे आला आणि हळूच विचारू लागला, भावाच्या गवताच्या गंजीचं काही करता येईल का? दामोदरपंतांनी त्याला दुपारभर ज्वलनाचं शास्त्र समजावलं. तो पांढराफटक होऊन परत गेला.

"या लोकांना झालंय काय?" त्यांनी मला विचारलं.

शेवटी मलाच सांगावं लागलं. "दामोदरपंत, लोक तुम्हाला मांत्रिक समजतात. मोठा मांत्रिक. भगतानं बांधलेली आग तुम्ही सोडवलीत. प्राणवायू हा तुमच्या ताब्यातला वेताळ आहे."

"पण मी प्रयोग दाखवला!"

"लोकांनी प्रयोग पाहिला. निष्कर्ष घरचा वापरला."

ते ताडकन उठले. "हे साफ चूक आहे. मी उद्याच कल्याणच्या बाजारात उभा राहून सांगतो."

"सांगा. करणी मास्तरांची नाही म्हणालात, तर पुन्हा पोसाबायची होईल. लोकांना कोणाची तरी हवी आहे."

दामोदरपंत पुन्हा खाली बसले. चूक तशीच सोडून बसलेलं त्यांना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

जनीच्या लग्नाला पोसाबायनं आम्हा दोघांनाही आग्रहानं बोलावलं. माझी बदली रत्नागिरीला झाली होती आणि ठाण्यातला माझा तो शेवटचा आठवडा होता. डोंबिवली गावात मुलाच्या घरापुढे मांडव घातला होता. आम्हाला ब्राह्मण म्हणून एका बाजूला बाज टाकून दिली होती. पोसाबाय आपल्याकडच्या वऱ्हाडाची ऊठबस करण्यात गुंतली होती. आता अंतरपाट धरणार, एवढ्यात नवऱ्या मुलाचा चुलता आमच्यासमोर येऊन उभा राहिला. अंगानं दांडगा, पण हात जोडलेले.

"मास्तर, येक इचारू? रागास येव नका. पोरगी आमच्या घरान येते म्हनून इचारताव. वखारीची आग या बायची का तुमची?"

वाजंत्री थांबली. मांडवातला प्रत्येक माणूस आमच्याकडे पाहत होता. पोसाबाय हातात ताट घेऊन होती तिथेच थिजली. ती दामोदरपंतांकडे पाहतही नव्हती, जनीकडे पाहत होती.

दामोदरपंतांनी तोंड उघडलं. मी डोळे मिटले. आता तेल, हवा, ऊब, चिंध्या, सगळं यथासांग येणार आणि ऐकणाऱ्यांना त्यातलं एवढंच कळणार, की मास्तरांनी नाही म्हटलं.

"माझी," दामोदरपंत म्हणाले. "बाईंचा काही संबंध नाही."

चुलत्यानं खाली वाकून नमस्कार केला आणि तो पाठ न दाखवता मागे सरला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली, अक्षता पडल्या. आमच्या बाजेभोवतीची माणसं मात्र हळूहळू उठून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेली. मुलांना आयांनी उचलून नेलं. त्या मोकळ्या जागेतून पोसाबाय एकटी चालत आली आणि तिनं दामोदरपंतांच्या ओंजळीत नारळ ठेवला.

"माज्यासाटी खोटा बोललाव, मास्तर," ती हळूच म्हणाली.

"खोटं कुठे? चिमूट माझीच होती."

स्टेशनकडे येताना ते दोनदा थांबले. "जोगळेकर, मी अर्धंच सांगितलं हो. परत जाऊन एवढंच सांगू का, की मंत्र नव्हता?"

"नको."

"तिचं नाव न घेता?"

"दामोदरपंत, नको."

"नकोच ना?" ते म्हणाले आणि चालू लागले. आयुष्यात किती तरी माणसं मोठी मोठी सत्यं बोलताना मी ऐकली आहेत. मला त्या दिवशीच्या त्यांच्या गप्प बसण्याइतका अभिमान कशाचाच वाटलेला नाही.

माझी ठाण्याची गाडी आधी आली. मी खिडकीशी बसलो. दामोदरपंत कल्याणच्या गाडीसाठी नारळ हातात धरून उभे होते, आणि फलाटावरची माणसं त्यांच्यापासून अंतर राखून उभी होती. तेवढ्यात एक बाई भीत भीत पुढे आली. कडेवर तापानं मलूल झालेलं पोर होतं. तिनं ते त्यांच्यापुढे धरलं आणि काहीतरी म्हणाली. दामोदरपंतांनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी त्या पोराकडे पाहिलं, जनीच्या गावाच्या दिशेनं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. गाडी हलली. त्यांनी नारळ काखेत धरला, वाकले आणि पोराच्या कपाळावर हळूच फुंकर घातली.